मे महिन्यात हीटर लावा

गाडीचा वॉटर पंप घरी बदलता येतो. मी दोनदा बदलला आहे, एकदा अंगणात आणि एकदा मिस्त्रींच्या नजरेखाली. अंगणात बदलला तेव्हा तिसऱ्याच दिवशी इंजिनाचं हेड उतरवायची वेळ आली. पंप नवा होता, बोल्ट नीट आवळलेले होते, एक थेंबही गळत नव्हता. तरी घात झाला. तो कसा झाला ते सांगतो, कारण आमच्या यवतमाळात कित्येक जण रविवारी पाने घेऊन बॉनेट उघडतात आणि माझ्यासारखीच चूक करू शकतात.

सुरुवात फरशीवरच्या ठिपक्यांपासून झाली. सकाळी गाडी काढली की फॅन बेल्टच्या बाजूला हिरवट ओल दिसायची. होस पाईप कोरडे, क्लिपा घट्ट. टॉर्च लावून पाहिलं तर पंपाच्या पुलीमागे, खालच्या अंगाला एक बारीक भोक आणि त्याखाली वाळलेली पांढरट रेघ. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावं, मालकाला कळावं, म्हणून. ते कोणी बुजवू नये. बेल्ट सैल करून पुली हातानं हलवून पाहावी. ती डुगडुगली किंवा फिरवताना खरखरली तर पंप बदलायचाच.

जुना पंप हातात आला तेव्हा मी बराच वेळ पाहत राहिलो. पंख्याची पाती कडेला कुरतडल्यासारखी पातळ झालेली, मधे तांबडा गंज, आणि सगळ्यावर पांढरा थर. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी असतो तसाच. तो थर कुठून आला ते मला ठाऊक होतं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली आणि अख्खं शहर टँकर नि बोअरवर आलं. तेव्हापासून रेडिएटरमधल्या कूलंटात मी वरून बोअरचंच पाणी टाकत आलो. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. इंजिनात तापलं की क्षार खाली बसतात आणि बारीक नळ्या बुजत जातात. "यवतमाळात कुठं बर्फ पडते, कूलंट काहून पाहिजे?" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, मीही म्हणायचो. कूलंटचं काम गोठण थांबवण्यापुरतं नसतं. त्यानं गंज धरत नाही, पाणी उशिरा उकळतं, पंपाचं सीलही टिकतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, हेच प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं. डबा तयार मिश्रणाचा असेल तर त्यात आणखी पाणी घालायचं नाही.

पंप काढण्याआधी जुनं कूलंट मी उघड्या घमेल्यात काढलं आणि पाना शोधायला घरात गेलो. परत आलो तेव्हा शेजारच्यांचं वासरू घमेल्याशी उभं, तोंड खाली घातलेलं. मी ओरडत धावलो. त्यानं अजून जीभ लावली नव्हती. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जबर विषारी असतं. कुत्रं, शेळी, वासरू, लहान मूल, कुणीही त्याला फसेल. तेव्हापासून मी ते झाकणाच्या कॅनमध्येच काढतो आणि नालीत कधी ओतत नाही.

पंप काढण्या-बसवण्यात मात्र फार अडलं नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडली, चाकांना दगड लावले, जॅकखेरीज लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, मग काम दोन मिनिटांचं का असेना. माझ्या गाडीत पंपापर्यंत जायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. उतरवण्याआधी त्या बेल्टच्या दोन्ही पुल्यांच्या खुणा जुळवल्या आणि मोबाईलमध्ये फोटो काढले. बेल्ट एक दाता जरी चुकला तरी इंजिन बिघडतं, काही इंजिनांत तर व्हॉल्व्हच वाकतात. ज्याला या खुणा कळत नाहीत त्यानं इथंच थांबून मिस्त्रीला बोलवावं. जुन्या गॅसकेटचा चुरा खरवडताना स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. ॲल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि पुढे तिथूनच गळतं. छोटे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. जास्त जोर लावलात तर आटे जातात.

चूक त्यानंतर झाली. संध्याकाळ झाली होती, अंग घामानं निथळत होतं. रेडिएटर तोंडापर्यंत भरला, झाकण लावलं, गाडी पाच मिनिटं चालू ठेवली. काटा खालीच होता. झालं काम, असं समजून हात धुतले. दोन दिवस गावातल्या गावात फिरलो. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघालो. पारा चव्वेचाळीसच्या घरात. अर्धा रस्ता झाला नि बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली. काटा तेव्हाही मधल्या रेषेखालीच.

इंजिनात हवा अडकली होती. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला हवा. तो हवेच्या पोकळीत असला की इंजिन भाजत असतानाही काटा गप्प बसतो. मी त्याच काट्यावर विसंबलो. गाडी बाजूला घेतली आणि घाबरून फडकं घेऊन झाकणाकडे हात नेला, तोच मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "हात नका लावू भाऊ, तोंड भाजन!" त्याचे उपकार मी विसरणार नाही. बंद रेडिएटरमध्ये दाब असतो, म्हणून शंभर अंशांच्या पुढे गेलेलं पाणीही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम अंगावर उसळतं. आईला झाडाखाली बसवून आम्ही तासभर थांबलो, मग गाडी टोचन करून परत आणली. हेड गॅसकेट गेलं होतं. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ चहासारखं दिसत होतं. कोरडा फिरल्यानं नव्या पंपाचं सीलही खराब झालं होतं.

हेड फेस करून आणलं, मिस्त्रींनी ते बसवलं आणि पंप मला बसवू दिला. पण भरताना त्यांनी माझ्या हाताला हात लावून थांबवलं. गाडीचं नाक चढावर, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच. इंजिन थंड, झाकण उघडं. कूलंट बारीक धारेनं ओतायचं, मधे मधे वरचा होस पाईप मुठीत दाबून सोडायचा, की तोंडातून गुडगुड करत बुडबुडे येतात. मग इंजिन चालू करून हीटर पूर्ण गरमवर. मे महिन्याच्या दुपारी यवतमाळात गाडीचा हीटर कोण लावतो? पण तो लावल्याशिवाय त्याच्या नळ्यांतली हवा निघत नाही. शिवाय इंजिन गरम असून हीटरमधून थंड वारा आला, तर आत हवा आहे किंवा पाणी कमी आहे, असं ओळखायचं. आपला चेहरा रेडिएटरपासून लांब ठेवायचा, पातळी खाली गेली की भरायचं. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाईप हाताला गरम लागतो. मग रेडिएटरचा पंखा आपोआप लागेपर्यंत थांबायचं. तो लागून बंद झाला, तरी पुन्हा लागेपर्यंत थांबायचं. आम्ही पाऊण तास उभे होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनाचं झाकण उघडलं. पातळी दोन ग्लास उतरली होती. तेवढं भरलं. तिसऱ्या सकाळी पाहिलं तर कूलंट थेट तोंडाशी होतं, आणि भोकाखालची फरशी कोरडी. त्या आठवड्यात आईला घेऊन कळंबला जाऊन आलो.