नवे तेल, नवा शाम्पू : किती दिवस वापरून पाहायचे?



वस्तीत आरोग्य तपासणी चालू असते. रक्तदाब होतो, साखर होते, बाळांची वजने होतात. मग उठता उठता एखादी ताई हळूच विचारते, "सिस्टर, हे केसांचे तेल दोन महिने लावतेय. अजून किती दिवस लावू?" प्रश्न छोटा वाटतो. पण त्यात घरखर्चातून काढलेला पैसा असतो, आणि कधी कधी अंगातला न सापडलेला आजारही असतो. म्हणून या अंकात आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते : "अजून एक बाटली लावून बघा." जाहिरात सांगते : "सात दिवसांत फरक." दोन्ही उत्तरे विकणाऱ्याच्या सोयीची आहेत. आपले उत्तर वेगळे असले पाहिजे. मुदत आपण ठरवायची आणि ती बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वी ठरवायची. वॉर्डात आम्ही रुग्णाच्या कागदावर औषध कधी सुरू केले ते लिहायचो आणि किती दिवस द्यायचे तेही लिहायचो. घरातल्या बाटलीलाही हाच नियम लावायचा.

आधी केसाची चाल समजून घ्या

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. केस महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर वाढतो. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता मुळाशी टिकून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच जागी नवा केस येतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगी माणसातही चालूच असते. आठवड्यातून एकदा-दोनदाच डोके धुणाऱ्या बाईला धुण्याच्या दिवशी फणीत मोठा पुंजका दिसतो, कारण मधल्या दिवसांचे सुटलेले केस त्याच दिवशी एकदम निघतात.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, त्वचेबाहेर आलेल्या केसात जीव नसतो. म्हणून तो कापताना दुखत नाही. त्याच्यावर लावलेले तेल किंवा कंडिशनर वरून काम करते आणि धुतले की उतरते. दुसरी, आज हातात आलेल्या केसाची वाढ दोन-तीन महिन्यांपूर्वीच थांबलेली असते. त्यामुळे आज लावलेल्या तेलाने उद्याची गळती थांबेल, हे होणारच नाही.

डेंग्यू, टायफॉइड, मोठे ऑपरेशन किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळू लागतात. बाई घाबरते, तेल आणते. अशी गळती बहुतेक वेळा पुढच्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप कमी होते. तोवर तिसरी बाटली चालू असते आणि श्रेय बाटलीला जाते. मग तीच बाटली शेजारणीला सांगितली जाते. तिच्या गळतीचे कारण वेगळे असते, म्हणून तिला गुण येत नाही, आणि तिला ऐकावे लागते, "तू नीट लावलं नसशील."

कशाला किती मुदत द्यायची?

*साधा शाम्पू, कंडिशनर, रोजचे तेल :* केस मऊ वाटतात की राठ, चिकट राहतात की मोकळे, हे तीन-चार धुण्यांत कळते. जास्तीत जास्त एक महिना द्या. त्यासाठी मोठी बाटली घेऊ नका. पुडी किंवा सर्वांत लहान बाटली पुरते.

*कोंड्याचा औषधी शाम्पू :* कोंड्यामागे त्वचेवर राहणारी एक बुरशी असते आणि ती तेलावर पोसते. म्हणून "डोके कोरडे पडले" म्हणून तेल थापले की कोंडा वाढतो. किटोकोनाझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. फेस डोक्यावर ३ ते ५ मिनिटे राहू द्यावा लागतो. लावला की लगेच पाणी ओतले तर चार आठवडे काय, चार महिन्यांतही गुण येणार नाही. चार आठवडे नीट वापरूनही खपल्या, खाज तशीच असेल तर दवाखाना गाठा. सोरायसिससारखा दुसरा त्वचारोगही असू शकतो.

*उवांचे औषध :* इथे हिशेब दिवसांचा आहे. १ टक्का परमेथ्रिनचे औषध धुऊन पुसलेल्या केसांना लावून १० मिनिटांनी धुवायचे. पण लिखा त्यातून वाचू शकतात आणि आठवड्याभरात फुटतात. म्हणून सात ते दहा दिवसांनी दुसऱ्यांदा लावायचे. ही दुसरी खेप चुकते आणि दोष औषधाला जातो. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, बारीक दातांच्या फणीने विंचरा. दोन खेपांनंतरही जिवंत उवा दिसल्या तर तेच औषध तिसऱ्यांदा थापू नका, डॉक्टरांना विचारा. रॉकेल किंवा ढेकणांचे औषध लेकरांच्या डोक्याला कधीही लावू नका. तान्ह्या बाळासाठी कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच.

*केसगळती कमी करण्याचा दावा करणारे तेल किंवा शाम्पू :* तीन महिने. वर्षावासाइतकी मुदत समजा. आषाढ पौर्णिमेला सुरू केले तर आश्विन पौर्णिमेला निकाल. तेव्हाही फणीतला पुंजका पहिल्याइतकाच असेल तर त्या बाटलीचा खर्च बंद.

*मिनॉक्सिडिल :* हे औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत केस उलट जास्त गळू शकतात आणि इथेच बरेच जण सोडून देतात. गुण कळायला किमान चार महिने लागतात. मात्र गुण आला तरी औषध थांबवल्यावर काही महिन्यांत तो ओसरतो. म्हणजे हा खर्च कायमचा आहे. महिन्याला ३०० रुपये लागत असतील तर चार महिन्यांचे १,२०० आणि वर्षाचे ३,६०० रुपये. हा आकडा घरात बसून आधी मांडा, मगच सुरू करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी ते वापरू नये.

*ज्यांना एक दिवसही देऊ नये असे दावे :* पांढरे केस मुळापासून काळे करणारे तेल, दुभंगलेली टोके कायमची जोडणारे सिरम, जुन्या टकलावर महिन्यात केस आणणारा लेप. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मध्ये अनुसूची 'जे' म्हणून एक यादी आहे. त्या यादीतले आजार आमच्या औषधाने बरे होतात, असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. टक्कल आणि अकाली केस पिकणे हे दोन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे ज्या बाटलीवर असा छातीठोक दावा आहे, तिच्याबद्दल पहिला संशय तिथेच घ्यावा.

वापरून पाहायची पद्धत

१. एका वेळी एकच गोष्ट बदला. नवे तेल, नवा शाम्पू आणि नवी गोळी एकाच आठवड्यात सुरू केली तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. नळाचे पाणी बंद होऊन बोअरचे जड पाणी सुरू झाले असेल तर तेही लक्षात ठेवा. जड पाण्यात फेस येत नाही आणि चांगल्या शाम्पूनेही केस राठ होतात.

२. कॅलेंडरवर दोन तारखा लिहा : सुरू केल्याची आणि निकालाची. बाटलीवर पेनाने लिहिले तरी चालेल.

३. काय बघायचे ते ठरवा. खाज, खपल्या, गळती की मऊपणा? "छान वाटतं" हे मोजमाप नाही. भांगाचा फोटो पहिल्या दिवशी आणि मग महिन्यातून एकदा काढा. जागा तीच, उजेड तोच. मोबाईल घरात असतोच, त्याचा हा उपयोग करा.

४. निकालाच्या दिवशी खरोखर निर्णय घ्या. गुण असेल तर चालू, नसेल तर बंद. "एवढे पैसे गेलेत, तर अजून एक बाटली" हा हिशेब तोट्याचा आहे. गेलेले पैसे दुसऱ्या बाटलीने परत येत नाहीत.

५. लेबल वाचा. बनवणाऱ्याचा पत्ता, बॅच नंबर, घटक आणि वापरण्याची शेवटची तारीख नसलेले सुटे तेल घेऊ नका, मग ते कितीही ओळखीच्या माणसाने विकलेले असो.

त्रासाला मुदत नसते

गुण येण्यासाठी थांबायचे असते, त्रास सोसण्यासाठी नाही. "आग होतेय म्हणजे औषध काम करतंय" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. ते चूक आहे. डोक्यावर आग, फोड, पाणी सुटणे, कानामागे किंवा मानेवर पुरळ, पापण्या सुजणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच मिनिटाला भरपूर पाण्याने धुवा, वापर थांबवा आणि बाटली घेऊन दवाखान्यात जा. चेहरा सुजू लागला किंवा श्वास लागला तर थेट मोठे रुग्णालय, किंवा १०८ ला फोन.

हे सर्वांत जास्त केस रंगवण्याच्या बाबतीत लागू आहे. काळ्या रंगात आणि "काळी मेहंदी" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. खरी मेहंदी नारिंगी-लालसर रंग देते. काही मिनिटांत काळेभोर होत असेल तर त्यात रसायन मिसळलेले आहे. दहा वर्षे काही झाले नाही, तरी अकराव्या वर्षी याची ॲलर्जी होऊ शकते. म्हणून दर वेळी थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी केस रंगवायचे असतील तर चाचणी १० एप्रिलच्या संध्याकाळी करा. १२ च्या संध्याकाळपर्यंत खाज, लाली नसेल तर १३ ला रंगवा. आणि रंगाची पुडी लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पोटात गेली तर घसा सुजून श्वास कोंडतो, जीव जाऊ शकतो.

जिथे बाटलीने वेळ घालवायचा नाही

डोक्यावर पैशाएवढी गुळगुळीत चाई पडली, लेकराच्या डोक्यावर खपल्या येऊन केस तुटू लागले, डोक्यात पू झाला किंवा केसांबरोबर भुवयाही जाऊ लागल्या, तर तेल-शाम्पूची चाचणी नकोच. लेकरांच्या डोक्यातल्या गजकर्णाला पोटातून घ्यायचे औषध लागते. वरून चोळलेल्या मलमाने ते जात नाही, आणि मेडिकलमधून न विचारता आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबने ते आणखी पसरते.

गळतीसोबत थकवा, धाप, पाळीत जास्त रक्त जाणे, वजन अकारण वाढणे किंवा घटणे असेल तर रक्त तपासा. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांना वाटले तर ते थायरॉइडही बघतात. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर त्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. आणि इथेही धीर धरा. अंगातली ताकद आधी येते, केसांचा फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात.

बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत माणसांचे केस अचानक हातात येऊ लागले, काहींना थोड्याच दिवसांत टक्कल पडले. पाण्यावर, बुरशीवर शंका घेतल्या गेल्या. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळले आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. त्या गावांतल्या माणसांनी कोणता शाम्पू किती दिवस वापरला असता तर उपयोग झाला असता? शून्य. म्हणून एकाच घरात किंवा गल्लीत अनेकांचे केस एकदम जाऊ लागले तर दुकानात जाऊ नका. सगळ्यांची नावे लिहून आरोग्य केंद्राला कळवा आणि तपासणीची मागणी करा. ती मागणी करणे हा आपला हक्क आहे.

येत्या रविवारी विहारात महिला मंडळ बसेल तेव्हा प्रत्येकीने घरातली केसांची बाटली सोबत आणावी. लेबल मोठ्याने वाचा, शेवटची तारीख बघा आणि बाटलीवर निकालाचा दिवस लिहा. ज्या बाटलीची मुदत उलटून गेली आणि गुण आला नाही, तिच्यावर दर महिन्याला जाणारे पैसे आता डाळ, अंडी, शेंगदाण्यावर खर्च करा. केसालाही शेवटी खाणे लागते, आणि ते रक्तातूनच पोचते.