आधी श्वास, मग पत्रिका

पत्रिका घेऊन येणार आहेस असा ताईचा, तुझ्या आईचा, फोन होता. जरूर ये. फक्त आल्या आल्या ती पिशवीतून काढून माझ्यापुढे सरकवू नकोस. ज्याचा श्वास गळ्याशी आलाय त्याला शुभ सांगितलं तरी अशुभच ऐकू येतं, असं पत्रिका बघणारे आमचे अण्णा म्हणायचे, आणि त्यांचा तो नियम मी आजवर पाळत आलेय.

आमच्या वाईच्या घरी लोक पत्रिका दाखवायला यायचे, ते तुझ्या आईलाही आठवत असेल. आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या. मग ओटीच्या कडेला असं बसवायचं की दोन्ही पाय खाली फरशीला टेकतील. मग अण्णा ‘पंचांग आणतो’ म्हणून आत जायचे, ते लवकर बाहेर यायचेच नाहीत. दाते पंचांग तर ओटीवरच्या कोनाड्यातच असायचं! अण्णा दाराआड उभे राहून पाहुण्याचे खांदे बघत असायचे. खांदे खाली उतरले की बाहेर येऊन कोनाड्यातलं पंचांग उचलायचे. पाहुण्याच्या हे कधी ध्यानात आलं नाही. त्याला अण्णांच्या हाती काहीतरी गुण आहे असं वाटायचं. पाणी, टेकलेले पाय आणि घटकाभर कुणी काही न विचारणं, एवढाच तो गुण.

तर आधी श्वासाचं. दीर्घ श्वास घे म्हटलं की माणसं छाती फुगवून हवा ओढतात. खांदे वर, मान ताठ, भुवया चढलेल्या. हे आठ-दहा वेळा केलं की गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं. मग ‘मला प्राणायाम सोसत नाही बाई’ म्हणून विषय संपवतात. अगं, हवा भराभर आतबाहेर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका उतरतो आणि त्याने चक्कर येते. हवा जास्त नकोच आहे आपल्याला, संथ हवी आहे. शेजारी बसलेल्याला तुझा श्वास ऐकू येता कामा नये, इतका हलका. हात पोटावर ठेव. छातीआधी पोट हललं पाहिजे.

आणि भर द्यायचा तो सोडण्यावर. खरं-खोटं बघायचं तर मनगटावर नाडी धरून बैस. श्वास आत घेताना ठोके किंचित लगबगीने पडतात, सोडताना मंदावतात. वैद्यकाच्या पुस्तकातही हे आहे, पण पुस्तक कशाला हवं, बोटाखाली कळतं. म्हणून घेताना चार आकडे, सोडताना सहा. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा. एरवी आपण नुसतं बसलेलो असलो तरी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला होता. लोकांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, मग ‘ओम मणि पद्मे ओम’. दोन्हींनी श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला. आपल्याकडे जप म्हटला की डोळे वटारणारे आणि जपाशिवाय ज्यांचं पान हलत नाही ते, दोघांनीही वाचावा असा आहे तो.

मोजायला घड्याळ नको. अण्णांची युक्ती अशी: अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, म्हणजे बारा पेरं आणि बारा राशी. करंगळीच्या तळाच्या पेरावर अंगठा टेकवायचा, मेष. एक श्वास आत, एक बाहेर. मग वरचं पेर, वृषभ. करंगळी मिथुनेला संपते, अनामिकेवर कर्क, सिंह, कन्या, असं करत तर्जनीच्या टोकाला मीन. दोन मिनिटांत राशीचक्र पुरं होतं. आपली रास आली म्हणून तिथे थबकायचं नाही, हा मात्र कडक नियम. याला शास्त्राधार मागू नकोस, सोय आहे ती. मनाला नावं म्हणायचं काम मिळालं की ते पळत नाही, आणि राशी तर शाळेतल्या पोरालाही पाठ असतात.

नाक धरून करायचं असेल तर उजवा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीवर. डावीने घ्यायचा, उजवीने सोडायचा, उजवीने घेऊन डावीने सोडायचा. डावी ती इडा, चंद्रनाडी. उजवी पिंगला, सूर्यनाडी. ज्योतिषातही चंद्र मनाचा कारक आणि जन्मरास म्हणजे चंद्राचीच रास. तेव्हा योगवाले आणि ज्योतिषवाले एकमेकांना कितीही नाकं मुरडोत, मनाचा पत्ता दोघांनी एकच लिहून ठेवलाय. एक नाकपुडी चोंदल्यासारखी वाटली तर घाबरू नकोस. नाकपुड्यांचं काम दर काही तासांनी आलटून-पालटून चालतंच. जोर लावून ओढू नकोस, एवढंच.

कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणं आत्ता नको. टीव्हीवर बघून तर मुळीच नको. रक्तदाब, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल त्यांनी जाणत्याला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढून स्वामी कुवलयानंदांनी योगाच्या क्रिया यंत्रांनी तपासायला घेतल्या त्या उगाच नाही. ज्याचा परिणाम होतो त्याचा अपायही होऊ शकतो.

तुझे बाबा गेल्यापासून तू रडली नाहीस, असं ताई म्हणते. कार्य नीट पार पाडलंस, बँकेची कामं केलीस, आईला सांभाळलंस. रडायला सवड नव्हती. म्हणून आधीच सांगून ठेवते: ही पेरं मोजताना कन्या-तुळेच्या आसपास कधीतरी गळा दाटून येईल. आला की मोजणं सोडून द्यायचं. रडण्याचा श्वास वेगळा असतो, हुंदक्या-हुंदक्याने आत येतो आणि एका दमात बाहेर पडतो. त्याला चार-सहाच्या मापात बसवू नकोस. ओसरलं की तोंड धू, पाणी पी, आणि लगेच फोन हातात घेऊ नकोस. काहींना डोळे मिटले की उलट भीतीच वाटते, छाती धडधडते. तसं झालं तर डोळे उघडे ठेव, खिडकीतल्या एखाद्या वस्तूकडे बघ किंवा चालता चालता गुणगुण. गुणगुणतानाही श्वास लांबच सुटतो.

आजीला कुठे प्राणायाम येत होता? संध्येत नाक धरणं पुरुषांचं, बायकांना ते कुणी शिकवलंच नाही. पण पहाटे जात्यावर बसली की तिची ओवी चालायची. ओळ सुरू व्हायची ती खुंटा पुढे ढकलताना आणि संपायची तो पुरा फेर होऊन जायचा. एका दमात एक ओळ. त्या ओळीत काय नसायचं? माहेरची आठवण, गेलेलं मूल, सासूचा टोमणा, विठ्ठलाला घातलेला लटका वाद. जे तोंड उघडून कुणाला सांगायची सोय नव्हती ते सगळं पिठाबरोबर बाहेर. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या वाच कधीतरी. इतक्या बायकांनी इतकी वर्षं मन कुठे मोकळं केलं, याचा तो हिशेब आहे.

आता पत्रिका. खरी का, असं तू विचारणार. तुझ्या पिढीने विचारलंच पाहिजे. जयंत नारळीकरांनी पुण्यात नरेंद्र दाभोलकर आणि इतरांना बरोबर घेऊन एक चाचणी केली होती. दोनशे मुलांच्या पत्रिका, त्यांतली निम्मी मुलं शाळेत हुशार, निम्मी मतिमंद. ज्योतिषांना चाळीस-चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर आली सरासरी ४६ टक्के. छापा-काटा केला असता तरी तेवढीच आली असती. माझ्याजवळ याला उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. भविष्य कळावं म्हणून मी पत्रिका उघडत नाही. समोरचं माणूस बोलावं म्हणून उघडते.

कारण बघ, बारा स्थानं म्हणजे संसाराचे बारा कोपरे. धनस्थान, भावंडांचं पराक्रमस्थान, आई-घर-सुखाचं चतुर्थ, लेकरांचं पंचम. ‘चतुर्थात काहीतरी ओढाताण दिसते’ एवढं म्हणून मी गप्प बसते आणि समोरची बाई आईबद्दल बोलू लागते. षष्ठ हे रोग, ऋण आणि रिपूंचं. त्यावर बोट ठेवून ‘यातलं कुठलं?’ असं विचारलं की वर्षभर नवऱ्यापासून लपवलेलं कर्ज बाहेर येतं. सरळ विचारलं असतं, ‘कर्ज आहे का हो?’ तर उठून गेली असती. व्ययस्थानात शय्यासुख येतं, त्यामुळे झोप लागते का हे सहज विचारता येतं, आणि झोपेचं उत्तर खोटं देणं फार अवघड. तुझ्या बाबतीत वडिलांचं स्थान बघायचं. कुणी ते दशम धरतं, कुणी नवम, आणि यावरून जन्मभर भांडलेले दोन ज्योतिषी मला माहीत आहेत. मी दोन्ही बघेन, म्हणजे दुप्पट बोलता येईल.

दोष ग्रहावर टाकता येतो, हाही मोठा आधार असतो. ‘मी कमी पडले’ हे वाक्य बाईच्या तोंडून निघत नाही. ‘शनी वाईट आहे’ हे निघतं. निघू द्यावं. पुढे तिच्याच लक्षात येतं की शनीचं नाव घेऊन ती आपलंच सांगत होती. हा आडपडदा ज्योतिषाने ओढून काढायचा नसतो. इथेच बरेच जण घाई करतात आणि उपदेश सुरू करतात.

साडेसातीची भीती मात्र आकड्यांनी घालवावी. शनीला राशीचक्र फिरायला साडेएकोणतीस वर्षांच्या आसपास लागतात, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. आपल्या राशीच्या आधीची, आपली आणि नंतरची अशा तीन राशींची मिळून साडेसाती. म्हणजे कुठल्याही क्षणी बारांतल्या तीन राशींना ती असतेच. मार्च २०२५ पासून शनी मीनेत आहे, तर कुंभ, मीन आणि मेष या तिघींना. तुमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सरासरी चौघांमागे एकाला असायची, ऑफिसातही तेच. म्हाताऱ्या माणसाला तिसरी चालू असते आणि तो पेन्शन आणायला चालत जातो. तरीही साडेसातीत एक चांगली गोष्ट आहे: तिला शेवटची तारीख असते. दुःखात असलेल्याला ‘हे कधी संपणार’ याचं उत्तर हवं असतं, आणि पंचांग ते देतं. ती तारीख खरी किती हा वाद वेगळा. तोवर कसं जगायचं, हे बोलणं त्या तारखेमुळे सुरू करता येतं.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर तू दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख लिहितेसच. त्याच चौकोनात एक अक्षर मनाचं लिही. ब म्हणजे बरं, ज म्हणजे जड. तीन महिन्यांनी पानं उलटून बघ. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, अमावास्या-पौर्णिमा छापलेल्याच असतात, तेव्हा पडताळा लगेच होतो. बहुतेकींच्या जड दिवसांचा मेळ अमावास्येशी बसत नाही. पाळीच्या आदल्या दिवसांशी बसतो, जागरणांशी बसतो, ठरावीक नातेवाइकाच्या फोनशी बसतो. बसलाच अमावास्येशी, तर त्या दिवशी भांडणाचे विषय काढू नकोस, झालं.

दुसऱ्या कुणाकडे गेलीस तरी काही गोष्टी पाळ. मरण कधी, कुणाचं, हे विचारायचं नाही, आणि जो आपणहून सांगेल त्याच्याकडून उठायचं. शांतीचा खर्च पहिल्याच भेटीत निघाला तर ‘घरी विचारून सांगते’ म्हणावं आणि परत जाऊ नये. भीती घालून काढलेले पैसे आपल्या घरात कुणी घेतले नाहीत आणि कुणी दिलेही नाहीत. बाबांच्या नावाने काही करावंसं वाटलं तर त्यांच्या शाळेतल्या एखाद्या मुलाची वर्षाची फी भर. त्याला मुहूर्त लागत नाही. आणि घर विकायचं, नोकरी सोडायची, नवऱ्याशी काय करायचं, असले निर्णय पत्रिका बघून आल्याच्या दिवशी घ्यायचे नाहीत. रडून आल्याच्या दिवशीही नाहीत. मन मोकळं झालं की हलकं वाटतं, आणि त्या हलकेपणात माणूस वाटेल त्याला हो म्हणतो.

दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, जगण्यात राम वाटत नाही, असं असेल तर मला पत्रिका दाखवू नकोस, डॉक्टर गाठ. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारचा टेलिमानस म्हणून १४४१६ हा नंबर आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर ग्रह पालटला म्हणून त्या बंद करायच्या नाहीत. बंद कधी करायच्या ते ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचार, मला नाही.