नगर–पुणें मोटाररस्त्याचा शोध

ज्या रस्त्यानें आपण नित्य जातों-येतों त्याचा इतिहास आपणांस सहसा ठाऊक नसतो. निजामशाहीची हकीकत आपण पाठ करतों, चांदबिबीनें किल्ला कसा लढविला याचें वर्णन उत्तरपत्रिकेंत लिहितों. परंतु माळीवाड्याहून सुटणारी गाडी ज्या वाटेनें पुण्यास जाते ती वाट कोणाच्या हातांनीं झाली, आणि तिच्यावरून मोटारी धांवूं लागल्या तेव्हां काय काय पालटलें, असें कोणीं विचारल्यास आपण निरुत्तर होतों. ही उणीव मनास लागल्यामुळें आम्ही कांहीं शिक्षक व विद्यार्थी यांनीं यंदा शनिवारच्या दुपारीं या एकाच रस्त्याचा अभ्यास करण्याचें योजिलें. त्यांत जें हातीं आलें, व जें हातीं येतां येतां निसटलें, तें येथें मांडीत आहों.

प्रथम मोटारीविषयीं दोन शब्द. जर्मनींतील कार्ल बेंझ यानें आपल्या तीन चाकी गाडीच्या एकस्वासाठीं २९ जानेवारी १८८६ रोजीं अर्ज केला. तोच मोटारीचा जन्मदिवस मानतात. दोन वर्षांनीं त्याची पत्नी बर्था ही आपल्या दोन मुलांना घेऊन त्या गाडीनें मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत गेली. वाटेंत इंधन संपलें तें तिनें औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें, आणि ब्रेक झिजले तेव्हां जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. पुढें १९०८ सालीं अमेरिकेंत हेन्री फोर्ड यानें आपली ‘टी’ नमुन्याची गाडी काढली, व १९१३ पासून सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडण्याची युक्ति अंमलांत आणली. तेव्हांपासून मोटार ही केवळ धनिकांची चैन राहिली नाहीं.

मोटार आली, परंतु तिला चालावयास रस्ता कोणता? आपल्या जिल्ह्यांत आगगाडी त्यापूर्वींच आली होती. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं खुला झाला. मात्र या मार्गानें पुण्यास जावयाचें म्हणजे आधीं दक्षिणेस दौंडास उतरावें आणि मग पश्चिमेस वळावें, असा फेरा पडतो. उलटपक्षीं केडगांव, कामरगांव, सुपें, शिरूर, रांजणगांव, शिक्रापूर, कोरेगांव या गांवांवरून जाणारी गाडीवाट बहुतेक सरळ नैर्ऋत्येस जाते. नकाशावर पट्टी ठेवून पाहिल्यास हें कोणाही विद्यार्थ्याच्या ध्यानीं येईल. लोखंडी रूळ आले तरी मातीची वाट मेली नाहीं, याचें कारण हें होय.

त्या काळचा पक्का रस्ता म्हणजे खडीचा रस्ता. दगड फोडून त्याची खडी करावयाची, ती थरांनीं पसरावयाची, वर मुरूम टाकून पाणी मारावयाचें आणि रूळ फिरवून दाबावयाची, अशी ही रीत. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धांव या खडीवरून फिरली म्हणजे थोडा दगड चिरडे, त्याची भुकटी फटींत बसे आणि रस्ता आपोआप बांधला जाई. मोटारीच्या रबरी चाकाचें कार्य अगदीं उलट. तें वेगानें फिरतांना फटींतील बारीक भुकटी ओढून काढी व धुळीच्या लोटांत उधळून टाकी. बंध सुटला कीं खडी मोकळी होई, आणि पहिल्या पावसांत खड्डे पडत. मोटार ही आपल्याच रस्त्याचा नाश करी असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. डांबराची गरज पडली ती यामुळें.

डांबरास पैसा लागतो. त्याचा विचार करण्यासाठीं १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें एक समिति नेमिली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. समितीनें १९२८ सालीं अहवाल दिला, व त्यास अनुसरून १९२९ पासून पेट्रोलच्या दर गॅलनमागें दोन आणे जादा कर बसवून त्यांतून रस्त्यांचा निधि उभारण्यांत आला. जो रस्ता झिजवितो त्यानें रस्त्याचा खर्च सोसावा, हें तत्त्व त्यांत आहे. आजही आपण पेट्रोल घेतों तेव्हां किंमतींत रस्त्याचा वांटा असतो.

परंतु खडी फोडणारे हात कोणाचे? हा प्रश्न एका विद्यार्थ्यानें विचारला, आणि आमच्या अभ्यासास निराळेंच वळण लागलें. आपला प्रदेश अवर्षणाचा. १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत दक्षिणेंतील हजारों कुटुंबें सरकारी कामांवर गेलीं, आणि त्या कामांत रस्ते बांधणें व खडी फोडणें हीं प्रमुख होतीं. १९७२ च्या दुष्काळांतही तेंच झालें. आम्ही मुलांना सांगितलें कीं घरीं जाऊन आजीस विचारा. पुढल्या शनिवारीं निम्म्याहून अधिक मुलें सांगावयास उत्सुक होतीं. कोणाची आजी लेकरूं पदराखालीं झांकून दगड फोडीत असे. कोणाच्या आजोबांच्या डोळ्यास कपची लागली होती. हें सारें त्या मुलांनीं त्या दिवशींच प्रथम ऐकलें होतें. रस्त्याच्या आरंभास कोनशिला नसते. पण असती तर तिच्यावर हीं नांवें कोरावयास हवीं होतीं.

आतां सार्वजनिक मोटारीकडे वळूं. १९२० नंतर खासगी मालकांच्या सर्व्हिस मोटारी ठिकठिकाणीं सुरू झाल्या. त्यांस वेळ नव्हती, ठराविक भाडें नव्हतें. उतारू भरले म्हणजे गाडी निघे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें त्यांस कांहीं शिस्त लागली. पुढें मुंबई सरकारनें स्वतःची वाहतूक सुरू करण्याचें ठरविलें, आणि १ जून १९४८ रोजीं नगर व पुणें यांच्या दरम्यान एस. टी. ची पहिली गाडी धांवली. आरंभींच्या गाड्या बेडफर्ड बनावटीच्या असून त्यांचा सांगाडा लांकडी व बैठका काथ्याच्या होत्या. त्या पहिल्या गाडीचे चालक किसन राऊत व वाहक लक्ष्मण केवटे होते. केवटे यांनीं उतारवयांत वृत्तपत्रांस सांगितलेल्या आठवणींप्रमाणें ती गाडी सकाळीं आठ वाजतां नगरच्या माळीवाड्याहून निघाली व भाडें अडीच रुपये होतें. खासगी वाहतूकदारांचा रोष होईल या भीतीनें पुण्यांत तिला पोलिसांची सोबत द्यावी लागली, असेंही ते सांगत.

येथें आम्हीं मुलांना एक गणित घातलें. वाचकांनींही तें करून पाहावें. एस. टी. च्या इतिहासांत ठिकठिकाणीं असें लिहिलेलें आढळतें कीं आरंभीं भाडें मैलास ९ पैसे होतें. नगर ते पुणें अंतर सुमारें ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटर. १९४८ सालीं दशमान नाणीं नव्हतीं; तीं १ एप्रिल १९५७ पासून आलीं. त्या वेळीं रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै असा हिशेब असे. तेव्हां ९ जुने पैसे गुणिले ७५ म्हणजे ६७५ पैसे. त्यांचे १० रुपये ८ आणे ३ पैसे होतात. एवढें भाडें सामान्य माणसानें कोठून द्यावें? हा आंकडा पैशांचा नसून पैंचा असेल असें धरल्यास ६७५ पै, म्हणजे ३ रुपये ८ आणे ३ पै होतात. हें वाहकाच्या आठवणीच्या जवळ येतें, परंतु तिच्याशीं तंतोतंत जुळत नाहीं. अडीच रुपये म्हणजे ४८० पै. त्यांस ७५ नीं भागिल्यास मैलास साडेसहा पैंहून किंचित् कमी पडतें.

यांतून आम्ही काय शिकलों? छापलेलें सर्वच खरें नसतें, आणि आठवणींतलें सर्वच खोटें नसतें. ‘९ पैसे’ हें वाक्य एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरत गेलें, पण कोणीं गुणाकार करून पाहिला नसावा. या वादाचा निकाल एकाच वस्तूनें लागेल, ती म्हणजे त्या काळचें तिकीट. तें एखाद्या जुन्या पोथीच्या पानांत खूण म्हणून राहिलें असेल, किंवा गेल्या दिवाळीच्या झाडलोटींत जळालेंही असेल.

यानंतर एके दिवशीं आम्ही प्रत्यक्ष रस्ता पाहावयास गेलों. आजचा चौपदरी रस्ता रुंद व सरळ आहे. जेथें जुनें वळण सरळ केलें तेथें बाजूस डांबराचा एखादा तुकडा पडलेला दिसतो. त्यावर बाभळी उगवल्या आहेत आणि शेळ्या चरतात. रस्ता रुंद होतांना कडेचीं झाडें गेलीं. उन्हांत पायीं चालणाऱ्यांस त्या सावलीचें मोल काय होतें, हें आम्हांस त्या दिवशीं चांगलेंच कळलें.

सुप्याच्या अलीकडे आमच्या एका विद्यार्थ्याचें आजोळ आहे. तेथें परसांत धुणें धुण्याचा एक दगड होता. त्याची घडण पाहून एका मुलास शंका आली. पाणी ओतून, ब्रशानें घासून पाहिलें तों त्यावर आंकडा निघाला. तो मैलाचा दगड होता! परंतु पहिला अंक पार झिजला होता, व दुसरा तेवढा स्पष्ट होता, ८. मुलें लगेच तर्क करूं लागलीं. नगरपासून मोजल्यास १८, पुण्यापासून मोजल्यास ५८. आणि ७५ मैलांच्या वाटेवर या दोन्ही जागा एकमेकींपासून अवघ्या एका मैलावर येतात. त्यांत रस्त्याचीं वळणें सरळ झाल्यामुळें जुनें माप आज जुळविणें कठीण. एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, ५८ च असेल, तसेंच लिहूं.” आम्ही तसें लिहिलें नाहीं. वहींत ‘८, पहिला अंक झिजलेला’ एवढीच नोंद केली.

तो दगड शाळेस द्यावा अशी आम्ही त्या आजींना विनंति केली. त्या हंसून म्हणाल्या, “रस्ता हलला, झाडं गेली, दगड तेवढा माझ्यापाशी राहिला. तो कशाला नेता, गुरुजी?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मुलांनीं कागद ठेवून त्यावर कोळशानें घासून ठसा तेवढा घेतला. निघतांना आजींनीं धुण्यासाठीं दुसरा दगड मांडण्यास नातवास सांगितलें व तो मैलाचा दगड दाराशीं, वाटेकडे तोंड करून, उभा करविला.

असा शोध घेणारे आपण एकटे नाहीं. अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर विल्यम व्हँडरबिल्ट या धनिकानें केवळ मोटारींसाठीं एक सिमेंटचा रस्ता बांधला. तो १९०८ सालीं खुला झाला, व वाढत वाढत सुमारें ४५ मैलांचा झाला. आडव्या वाटा पुलांवरून किंवा पुलांखालून नेल्यामुळें त्यावर गाडी कोठेंही अडत नसे. मात्र आरंभीं दोन डॉलर पथकर द्यावा लागे. पुढें शेजारींच सरकारनें रुंद व विनाशुल्क रस्ते केले. तेव्हां हा अरुंद रस्ता ओस पडला, आणि १९३८ सालीं थकलेल्या करांच्या बदल्यांत सरकारजमा झाला. आज त्याच्या एका भागावर सायकली चालतात, आणि तेथील हौशी लोक झाडींतून त्याचे पूल व खांब हुडकीत हिंडतात. तो एका श्रीमंताचा रस्ता होता, आमचा दुष्काळग्रस्तांचा. पण विस्मृति दोहोंसही सारखीच आली.

आपल्या शहरास, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, मोटारीच्या इतिहासांत आणखीही स्थान आहे. येथील रणगाडा संग्रहालयांत, जें १९९४ सालीं स्थापन झालें, रोल्स राईस कंपनीच्या सिल्व्हर घोस्ट जातीची जुनी चिलखती गाडी पाहावयास मिळते. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था येथेंच असून तेथें वाहनांची कसोटी घेण्यासाठीं खास मार्ग बांधलेले आहेत. पालकांनीं मुलांस संग्रहालय अवश्य दाखवावें.

शेवटीं विद्यार्थिमित्रांस एक काम सांगतों. घरांतील वडील माणसांस विचारा कीं तुम्ही मोटारींत प्रथम केव्हां बसलां, कोठून कोठें गेलां, भाडें काय पडलें. उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून ठेवा. जुनें तिकीट, परवाना अथवा छायाचित्र मिळाल्यास जपा. पालकांसही विनंति आहे कीं झाडलोटींत जुने कागद टाकण्यापूर्वीं ते एकदां मुलांच्या हातीं द्यावेत. रस्ता पुन्हां बांधतां येतो; परंतु ज्यांनीं खडी फोडली व पहिल्या गाडीस हात केला, तीं माणसें आतां थोडीच उरलीं आहेत. त्यांना विचारण्याची वेळ आजची आहे.