शब्दबोध : 'स्कूल' म्हणजे फुरसत

जून महिना आला की आपल्या घरोघरी एकच गडबड असते. नवी दप्तरे, वह्यांना कव्हरे, फी, रिक्षा, क्लासची वेळ. या धावपळीत 'स्कूल' हा शब्द दिवसातून कितीदा तरी आपल्या तोंडी येतो. त्याचा मूळ अर्थ ऐकला तर मात्र आपल्याला हसू येईल. 'स्कूल' म्हणजे फुरसत!

हा शब्द मूळचा ग्रीक. 'स्खोले' म्हणजे कामातून मिळालेली उसंत. असा मोकळा वेळ ग्रीक लोक चर्चेत व ज्ञान मिळविण्यात घालवीत. म्हणून आधी त्या चर्चेला आणि पुढे ती जेथे चाले त्या जागेलाही तेच नाव पडले. लॅटिनमध्ये त्याचे 'स्कोला' झाले आणि तेथून तो इंग्रजीत आला. 'स्कॉलर' आणि 'स्कॉलरशिप' ही त्याचीच भावंडे. आपली 'शाळा' मात्र वेगळ्या कुळातली. ती संस्कृत 'शाला', म्हणजे घर किंवा दालन, यावरून आली. गोशाळा, धर्मशाळा या शब्दांतही तीच आहे.

संत पौल इफिस शहरात तुरन्नाच्या पाठशाळेत दररोज चर्चा करीत असे व हे दोन वर्षे चालले (प्रेषितांची कृत्ये 19:9-10). तेथे मूळ ग्रीकमध्ये 'स्खोले' हाच शब्द आहे. स्तोत्र 46:10 मध्ये देव आपल्याला शांत होऊन त्याला ओळखायला सांगतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात तेथे याच शब्दापासून झालेले क्रियापद आहे. म्हणजे देवाला ओळखायचे तर आधी फुरसत काढली पाहिजे.

ग्रीकांची फुरसत मात्र बऱ्याच अंशी गुलामांच्या कष्टांवर उभी होती. देवाने दिलेला विसावा तसा नाही. शब्बाथाच्या आज्ञेत दास, दासी, परका, इतकेच काय, जनावरांनाही त्या दिवशी विसावा आहे (निर्गम 20:10).

मग आपल्या मुलांनाच तो का नसावा? सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री गृहपाठ. रविवारीही टेस्ट असते, म्हणून मिस्सा चुकते, धर्मशिक्षणाचा वर्ग बुडतो. आणि आपणच म्हणतो, "दहावीचे वर्ष आहे, यंदा राहू दे." अभ्यास हवाच. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांना शिक्षणानेच वर आणले, हे आपण विसरलेलो नाही. पण ज्या मुलाला विचार करायला घटकाभरही उसंत नाही, ते पाठ करील, शिकेल का? आणि मोबाइलवर गेलेला तास म्हणजे फुरसत नव्हे, हे आपल्या मोठ्यांनाही लागू आहे.

येत्या रविवारी मिस्सानंतर एक तास आपण मोकळा ठेवू या. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मुलांना गुण विचारू नका. "या आठवड्यात तुला नवीन काय कळले?" एवढेच विचारा आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत ऐका. तेवढा तास आपले घरही खऱ्या अर्थाने 'स्कूल' होईल.