२८२ गुणांचा अर्थ : शाळेचा निकाल कसा वाचावा?

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपल्या संस्थेच्या कार्यालयात गुणपत्रिकांच्या झेरॉक्स प्रती जमू लागतात. ७५ टक्के व त्यापुढील गुण मिळविणाऱ्यांची यादी होते, विहारात गुणगौरवाचा कार्यक्रम होतो, पाहुण्यांच्या हस्ते पुष्पगुच्छ आणि भेटवस्तू दिली जाते. ही यादी तयार करण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. ते करताना जो प्रश्न मनात राहिला, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने समाजबांधवांपुढे, आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे, मांडत आहे.

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ गुण. टक्केवारी काढली तर ३७.६. आपल्या नियमाप्रमाणे त्याचा अर्ज पहिल्याच छाननीत बाजूला पडला असता. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

ही गोष्ट भाषणात सांगून टाळ्या घेता येतात, आणि आपण त्या घेतोही. पण २८२ हा आकडा कोणत्या परिस्थितीतून आला, हे आपण क्वचितच पाहतो. सुभेदार रामजींचे बिऱ्हाड त्या वेळी परळच्या डबक चाळीत होते. एकच खोली. त्यातच चूल, धूर, भांडीकुंडी, लाकूडफाटा आणि माणसे. भीमराव लवकर झोपत, आणि रात्री दोनच्या सुमारास वडील त्यांना अभ्यासाला उठवीत. घासलेटच्या दिव्यावर पहाटेपर्यंत वाचन चाले. आधी मराठा हायस्कूल आणि नंतर एल्फिन्स्टन असा त्यांचा शाळेचा प्रवास झाला. एल्फिन्स्टन ही सरकारी शाळा, दर्जाने नावाजलेली. परंतु गणित सोडविण्यासाठी भीमरावांना फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटू नयेत म्हणून वर्गातली मुले ते उचलायला धावली, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. संस्कृतची वाट बंद होती, म्हणून फारसी घ्यावी लागली. घरची ही एक खोली आणि शाळेतला तो फळा, दोन्ही मिळून २८२ हा आकडा होतो. त्या यशाबद्दल सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. त्या सभेत कोणी टक्केवारीची चौकशी केली असेल असे मला वाटत नाही.

आता वर्गात कोण होते आणि कोण नव्हते ते पाहू. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला सादर केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी १८८१-८२ चे मुंबई इलाख्याचे आकडे दिले आहेत. त्या वर्षी प्राथमिक शाळांत कनिष्ठ मानलेल्या जातींची मुले २,८६२, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. मिडल स्कूलमध्ये १७. हायस्कूलमध्ये शून्य. कॉलेजात शून्य. महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले ते याच सुमारास, १८८२ मध्ये. त्यानंतर पंचवीस वर्षांनी त्या शून्याच्या जागी जे थोडे विद्यार्थी दिसू लागले, त्यांपैकी एकाचे गुण २८२ होते.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी. आकडा कुठून मोजायला सुरुवात करायची हे त्यांना पक्के ठाऊक होते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारला दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात. बाकीची ८२ पुन्हा निरक्षरांत जाऊन मिळतात. त्यांनी परीक्षेला बसलेल्यांचा हिशेब धरला नाही. दारातून आत आलेल्यांचा धरला. विद्यार्थ्यांनी हे भाषण मुळातून वाचावे; शाळेचा निकाल कसा वाचावा याचा तो उत्तम धडा आहे.

कारण आजही शाळेच्या फाटकावर 'दहावीचा निकाल १०० टक्के' असा फलक लागतो, तो परीक्षेला बसलेल्यांचा असतो. आम्ही बँकेत केवळ अखेरची शिल्लक पाहून खातेवही बरोबर आहे असे म्हणत नाही. आरंभीची शिल्लक, मधली जमा, मधला नावे, सारे जुळावे लागते. शाळेची आरंभीची शिल्लक म्हणजे पाचवीचा किंवा आठवीचा पट. आठवीला ६० मुले होती आणि पाच वर्षांच्या हिशेबात नव्हे, अवघ्या दोन वर्षांत दहावीला ४२ बसली, ४२ ही उत्तीर्ण झाली, तर फलकावर १०० येतात. पण ६० चा हिशेब धरला तर ७० च येतात. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) उरलेली १८ कुठे गेली? काही दुसऱ्या शाळेत गेली असतील, काहींचे घर बदलले असेल. काही नववीत अडकली. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले, तेव्हापासून खरी गाळणी नववीत बसली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला पुन्हा अडविण्याची मुभा राज्यांना मिळाली आहे. आणि काहींना सांगितले जाते, 'सतरा नंबरचा फॉर्म भर.' शाळा सुटलेल्यांना खाजगीरीत्या परीक्षा देता यावी यासाठी ही चांगली सोय आहे. पण कच्च्या मुलाला तिकडे वळविले की त्याचे अपयश शाळेच्या खात्यावर पडत नाही. त्याच्या आईवडिलांना हे कळतही नाही.

आपल्या भागात पट कसा बदलला हेही लक्षात घ्यावे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. लालबाग-परळच्या ज्या घरांतली मुले जवळच्या मराठी शाळांत येत, ती घरे कल्याण, अंबरनाथ, विरारकडे सरकली. ज्यांना जमले त्यांनी मुले इंग्रजी माध्यमात घातली. मराठी माध्यमाच्या तुकड्या घटल्या. आज महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जे मूल बसते, त्याचे वडील बहुधा सुरक्षारक्षक, सफाई कामगार किंवा हातगाडीवाले असतात, आई घरकामाला जाते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीचे ५८ टक्के आणि दादरच्या नामांकित क्लासला जाणाऱ्या मुलाचे ८८ टक्के शेजारी ठेवून आपण कोणती तुलना करतो?

एक व्यवहाराची गोष्ट येथे सांगून ठेवतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये धर्म आणि जात अशा नोंदी असतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्यापैकी अनेकांनी अभिमानाने फक्त 'बौद्ध' एवढेच लिहिले, काहींनी 'नवबौद्ध', तर काही दाखल्यांवर जुनेच राहिले. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. नोंदी एकसारख्या नसतील तर शिष्यवृत्ती अडते हे आपण जाणतोच, पण शाळेत आपली मुले किती आली आणि किती टिकली हा हिशेबही त्यामुळे लागत नाही. पाल्याच्या दाखल्यावर काय लिहिले आहे ते पालकांनी दहावीच्या आधीच पाहून घ्यावे.

समाजाची प्रगती झालीच नाही असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ७२.९८ टक्के असताना बौद्धांची ८१.२९ टक्के होती. शून्यापासून इथवर आलो ते शिकल्यामुळेच. कमी गुणांचे कौतुक करा असेही मी म्हणत नाही. विद्यार्थिमित्रांनी २८२ चा आधार घेऊन अभ्यास टाळू नये. तो विद्यार्थी रात्री दोनला उठत होता!

परंतु आपल्या संस्थेने काय मोजावे हे आपल्या हाती आहे. कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी : गुणगौरवाच्या अर्जात टक्केवारीच्या रकान्याशेजारी आणखी चार रकाने असावेत. घरातील माणसे व खोल्या, पालकांचा व्यवसाय, विद्यार्थी स्वतः काम करतो काय, आणि नववीचे गुण. नववीपेक्षा दहावीत ज्याने सर्वांत मोठी मजल मारली, त्याला एक स्वतंत्र पारितोषिक द्यावे. रात्रशाळेतून उत्तीर्ण झालेल्याला ७५ ची अट नसावी. आणि विहाराची अभ्यासिका परीक्षेच्या तीन महिन्यांत रात्री दहाला बंद न करता पहाटेपर्यंत उघडी ठेवावी. किल्ली सांभाळण्याची आठवड्यातील दोन रात्रींची जबाबदारी मी घेतो. उरलेल्या पाच रात्रींसाठी सभासदांनी आपली नावे सचिवांकडे द्यावीत.