टंच एकदाच कापायचा

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सराफानं घेतलेली मोड अखेर गलाईवाल्याच्याच मुशीत उतरते. अशा एका गलाईवाल्या मामांचा आणि तुर्भ्यातल्या त्यांच्या भाचीचा हा संवाद. भाचीचे यजमान मसाला मार्केटमध्ये तोलणार आहेत.

भाची : मामा, सासूबाईंची बोरमाळ मोडायची आहे. चोवीस ग्रॅम भरली. पेपरातल्या भावानं गुणलं की झालं ना?

मामा : नाही गं. बोरमाळेचा मणी पोकळ असतो, आत लाख भरलेली. शिवाय दोरा, गोंडा. तुमच्या मार्केटात बारदान वजा करून माल तोलतात, तसं हे वजा होणार. चार ग्रॅम धरू. राहिले वीस.

भाची : मग वीस ग्रॅमला बावीस कॅरेटचा भाव.

मामा : बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. पण तुझ्या माळेवर हॉलमार्क आहे?

भाची : नाही, जुनी आहे.

मामा : हॉलमार्क आला २००० साली, सक्ती सुरू झाली जून २०२१ मध्ये, तीही टप्प्याटप्प्यानं. जुन्या दागिन्यात जोडाला डाक लावलेला असतो आणि डाकात हीण जास्त. टंच काढल्याशिवाय आकडा धरायचा नाही.

भाची : दुकानातलं मशीन टक्के दाखवतं ना?

मामा : दाखवतं, पण ते क्ष-किरणांनी वरचा पातळ थरच वाचतं. तीन-चार जागी लावायला सांग, मण्याच्या अंगावर आणि जोडावरही. आकडे फार वेगळे आले तर गाळूनच टंच काढायचा. बीआयएसची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रातही शुल्क भरून दागिना तपासून मिळतो. पक्क्या कसोटीत थोडा नमुना चांदीबरोबर शिशात गुंडाळून भट्टीत घालतात. शिसं हीण घेऊन कपात जिरतं, खाली गोळी राहते. गोळीतली चांदी तेजाबात विरघळली की उरतं ते निव्वळ सोनं. मूळ नमुन्याशी त्याचं वजन ताडलं की टंच कळला.

भाची : समजा, ८८ टक्के निघाला.

मामा : वीस ग्रॅमचे ८८ टक्के, म्हणजे १७.६ ग्रॅम शुद्ध सोनं. हिशेबापुरता चोवीस कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धर.

भाची : एक लाख शहात्तर हजार.

मामा : बरोबर. आता नीट ऐक, लोक इथंच फसतात. टंच कापून शुद्ध वजन काढलं आणि त्याला भाव मात्र बावीस कॅरेटचा लावला, दहा ग्रॅमला ९१,६००, तर?

भाची : १,६१,२१६. मामा, जवळजवळ पंधरा हजार गेले!

मामा : हीण दोनदा कापलं गेलं ना. शुद्ध वजनाला शुद्ध सोन्याचाच भाव हवा. बावीसचा भाव लावायचा तर वजनही बावीसचं कर. १७.६ भागिले ०.९१६, म्हणजे १९.२१ ग्रॅम. कुठूनही गेलीस तरी उत्तर तेच. माणसं अडचणीत असतात, घाईत भाव विचारतात. तो कुठल्या सोन्याचा, हे विचारायचं राहून जातं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

भाची : आणि रोजचा भाव कुठला धरायचा?

मामा : मुंबईची इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन कामाच्या दिवशी दोनदा भाव काढते, तो बघ. भाव जीएसटीशिवायचा हवा. घेताना भरलेला तीन टक्के जीएसटी आणि घडणावळ मोडीत परत येत नाही.

भाची : सराफ आणखी काही कापतो का?

मामा : गाळणावळ, घट, त्याचा नफा. ते रास्त आहे, पण किती टक्के आणि वजनातून की भावातून, हे गाळायच्या आधी कागदावर घे. एकदा मुशीत गेली की माळ परत नाही. गाळणं तुझ्यासमोर होऊ दे, लगड तुझ्यासमोर काट्यावर चढू दे.

भाची : पैसे रोख मिळतील?

मामा : एका दिवसात एका माणसाला दहा हजारांवर रोख दिली तर दुकानदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. त्यामुळे खात्यावरच येतील, आणि तेच बरं. नफ्यावर करही लागतो. दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या सोन्याला जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के. वारसानं आलं असेल तर सासूबाईंकडची वर्षंही मोजतात.

भाची : पण त्यांची खरेदीची पावती कुठून आणू?

मामा : माळ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदीची किंमत म्हणून धरता येतो. कर भरताना सीएला तेवढं सांग.