कासेची एक बाजू कडक

प्रश्न : आमची उस्मानाबादी शेळी पाच दिवसांपूर्वी व्यायली. कासेची उजवी बाजू गरम, कडक झाली आहे आणि दुधात गाठी येतात. चीकच आहे का हा?
– एक वाचक, साकीनाका

उत्तर : नाही. चीक घट्ट, पिवळसर असतो, पण एकसारखा. दोन्ही सडांतून सारखाच येतो. ही लक्षणे कासदाहाची, म्हणजे दगडीची आहेत. आजच डॉक्टरांना दाखवा; परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. कास गार, निळसर पडली तर तासभरही थांबू नका, जीव जाऊ शकतो.

तोवर काळ्या फडक्यावर पहिल्या धारा काढून पाहा, गाठी लगेच दिसतात. चांगला सड आधी पिळा, आजारी नंतर. ते दूध जमिनीवर सांडू नका, करडालाही पाजू नका; त्याला चांगल्या सडाला लावा. पिळल्यावर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवा आणि पुढ्यात पाला टाका. सडाचे तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो, तेवढा वेळ ती उभी राहिली पाहिजे. दाटीच्या वस्तीतल्या ओल्या फरशीवर लगेच बसली की जंतू आत शिरतात. प्रतिजैविक सुरू झाले की डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध घरात वापरू नका. एरवीही उकळूनच प्या.